फर्नला पाणी

मम्मीने चहा पुन्हा तसाच ठेवला. कप ओठांना लावल्यासारखा केला, "छान झालाय हं" म्हणाली आणि अलगद बशीत परत ठेवला. हेस्टरने वाकून पाहिलं. चहा काठापर्यंत होता तसा होता.

"मम्मी, तू प्यायलीच नाहीस."

"प्यायले की."

"मी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवतेय. आरशात बघितल्याचं नाटक कोण करतंय ते मला एका नजरेत कळतं."

"कळतं ना? मग विचारतेस कशाला?" मम्मी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर सायकली लावायची जागा होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मम्मी म्हणजे हेर्मीना फान लीर, वय नव्वदीला टेकलेलं, जन्म डच राजवटीतल्या जावा बेटावरच्या मलांगचा, वडील तिथल्या साखर कारखान्याचे साहेब. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा बाईंचा स्वभाव. उन्हाळ्यात घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ते जोडलं, पण एकटीने राहण्याची सोय संपली. मग हेस्टरने हेगमधलं हे वृद्धनिवास शोधलं. खोली स्वच्छ, माणसं बरी, ट्राम दारात. आणि आता बाई पाणी पिईनात. चहा नाही, कॉफी नाही, सूपसुद्धा दोन चमचे घेऊन बाजूला. ओठ सुकून पापुद्रे निघाले होते.

दारात मार्लूस उभी होती. ही त्या मजल्यावरची परिचारिका, तिशीची, गालावर खळी, आवाज जरा मोठा. तिने हेस्टरला मानेनेच बाहेर बोलावलं. बाहेर डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या.

"रक्ताचे रिपोर्ट वाईट आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडन्यांवर ताण आलाय. समजावून झालं, ओरडून झालं. आणि आता भ्रमही व्हायला लागलाय. मार्लूस, तू सांग."

"मला परवा 'बाबू' म्हणाल्या," मार्लूस म्हणाली. "बाथरूममध्ये नेलं होतं. मी दाराशी उभी होते, तर आतून हाक मारतायत, बाबू, बाबू! मी म्हटलं, बाई, मी मार्लूस. मग रडल्या थोडं."

हेस्टरला बाबू कोण ते ठाऊक होतं. जावातल्या गोऱ्या साहेबांच्या घरी पोरं सांभाळायला ठेवलेली बाई म्हणजे बाबू. मम्मीची बाबू मम्मीला पाठुंगळी घेऊन बागेत फिरवायची, अशा गोष्टी घरात शंभरदा झालेल्या. पण मम्मीने ती हाक कुणाला मारल्याचं हेस्टरने जन्मात ऐकलं नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत वाट बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी पोटात गेलं नाही तर आधी हॉस्पिटलमध्ये सलाइन आणि तिथून परत आल्यावर वरचा मजला. मला वाईट वाटतं, पण हे मिटत चाललेलं मन आहे."

वरचा मजला म्हणजे कुलपाचा मजला. तिथल्या लिफ्टला नंबर घातल्याशिवाय दार उघडत नसे. मनं हरवलेली माणसं तिथे बाहुल्या मांडीवर घेऊन बसत. मम्मीचं मन हरवलेलं नव्हतं. आत्ता दहा मिनिटांपूर्वी तिने मुलीची बोलती बंद केली होती. पण हे डॉक्टरला पटवायचं कसं? आणि पाणी न पिणाऱ्या माणसाची बाजू घ्यायची तरी कशी? हेस्टरला रडू आलं आणि राग आला. राग बहुतेक मम्मीचाच आला.

"तिला इथे परकं वाटू नये म्हणून मी किती धडपडले," ती मार्लूसला म्हणाली.

"ते तर दिसतंच," मार्लूस म्हणाली. "सगळ्यांत सुंदर खोली त्यांचीच आहे."

ते खोटं नव्हतं. हेस्टरने जावातलं घरच्या घर उचलून आणलं होतं. वेताची आरामखुर्ची, भिंतीवर चामड्याच्या बाहुल्या, पलंगपोस बाटिकचा, साखर कारखान्याचा फोटो, त्यात आजोबा पांढऱ्या सुटात आणि मागे रांगेने कामगार. मम्मी लहानपणापासून लोडाला मिठी मारून झोपे, तो लोडही आणला. फ्रिजमध्ये सांबाल, म्हणजे ठेचलेल्या लाल मिरचीची बाटली, ती पण मम्मीला चालते त्याच दुकानातली. एवढं सगळं करून बाई तहानेने मरायला निघाल्या होत्या.

त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी तिथे सगळ्यांना जावा पद्धतीचा तळलेला भात आणि वर अंडं मिळे. ज्यांच्या सात पिढ्यांनी समुद्र ओलांडला नव्हता, ते उत्तरेकडच्या फ्रीसलंडचे शेतकरीसुद्धा बुधवारी भात म्हणून हटून बसत. भाताऐवजी सूप आलं की आचाऱ्याचा उद्धार व्हायचा. भात आपलाच, अगदी बापजाद्यांपासूनचा, अशी त्यांची समजूत होती.

जेवणाच्या टेबलावर मम्मीच्या समोर टेरलिंडनसाहेब बसत. जन्म जावातल्याच सुराबायाचा, वडील बंदरावरचे मोठे अधिकारी. माणूस कडक इस्त्रीचा.

"फान लीरबाई, भात कोरडा झालाय," साहेब म्हणाले.

"तुमच्या सुराबायात कोरडाच करायचे. आमच्या मलांगला भात कसा करतात ते बघितलंच नसेल तुम्ही."

"मलांगला? तिथे साहेब लोक सुटीला जायचे, राहायचे नाहीत."

"तुमच्या बंदराचा वास सहन होईना म्हणून यायचे!"

हेस्टर ऐकत होती. हे मिटत चाललेलं मन? डॉक्टरीणबाईंना इथे आणून बसवावं असं तिला वाटलं. मार्लूस चहाची किटली घेऊन आली. मम्मीने कपावर हात धरला. टेरलिंडनसाहेबांनीही धरला.

"माझ्या पोटाला चहा सोसत नाही," साहेब म्हणाले.

"यांचंही तसंच," मार्लूस हेस्टरच्या कानाशी म्हणाली. "आल्यापासून. दिवसाला दोन घोट पाणी, तेही गोळीपुरतं. म्हातारपणी तहानच मरते, काय करणार."

गुरुवारी सकाळी हेस्टरने शिकाऊ गाडीचे सगळे धडे रद्द केले आणि ती मम्मीच्या जुन्या घरी गेली. घर रिकामं करून द्यायचं होतं. थोडी झाडलोट राहिली होती. खोल्यांत आता काहीच नव्हतं, भिंतींवर चौकटींच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. तिने झाडू मारला, खिडक्या पुसल्या, स्वतःच्या नशिबाला दोनचार शिव्या घातल्या आणि शौचालयात गेली.

बसली. उरकलं. आणि काही विचार न करता तिचा उजवा हात बाजूच्या खिडकीच्या कट्ट्याकडे गेला.

हाताला बाटली लागली.

हिरवट काचेची, सरबताची जुनी बाटली, गळ्याशी घासून घासून पांढरी पडलेली. हेस्टर जन्मली त्याआधीपासून ती तिथे होती. रोज सकाळी मम्मी ती भरून ठेवायची. या घरात कुणी कोरडं उठत नव्हतं. कागद पाहुण्यांसाठी असे, घरच्यांसाठी बाटली. आजोबा जावात लोकांना सुधारायला गेले होते, असं घरात नेहमी सांगितलं जाई. कोणी कुणाला सुधारलं, ते या एका खोलीत कळत होतं.

हेस्टर बाटली हातात धरून बसून राहिली. खुर्ची आणली, बाहुल्या आणल्या, लोड आणला. ही आणली नाही. ही सामान नव्हतीच कधी. नळ कोणी बरोबर घेऊन जातं का? शौचालयात बाटली ही असतेच, एवढंच तिला जन्मापासून माहीत होतं. तिच्या स्वतःच्या घरीसुद्धा दारामागे झारी होती.

आणि बाबू! मलांगच्या घरात छोट्या हेर्मीनाच्या हातावर पाणी घालायला दाराशी बाटली घेऊन कोण उभं राहायचं? बाबूच. इथे मार्लूस दाराशी उभी राहिली, हातात कागदाची गुंडाळी घेऊन. म्हातारीच्या तोंडून हाक गेली ती भ्रम होऊन गेली नव्हती. तिला पाणी हवं होतं.

म्हणून पिणं बंद. प्यायलं नाही की जावं लागत नाही. गेलं नाही की ते कोरडं, अर्धवट, परक्या बाईसमोरचं उरकणं नको.

"अगं मम्मी," हेस्टर रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाली, "सांगायचंस ना!"

पण सांगायचं नाही हाच तर नियम होता. युद्धानंतर मम्मीचं कुटुंब बोटीने हॉलंडला आलं, तेव्हा एका आत्याच्या घरी उतरलं. आत्याने शौचालयात बाटली पाहिली आणि ती चिमट्यात धरून कचऱ्यात टाकली. "इथे माणसं राहतात," म्हणाली, "ते जंगली प्रकार तिकडेच ठेवून यायचे." तिकडे ज्यांच्यावर राज्य केलं त्यांच्यासारखे तुम्ही झालात, याहून मोठी शिवी त्या घरात नव्हती. मम्मीच्या आईने दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली मिळवली आणि तिच्याशेजारी कट्ट्यावर फर्नची कुंडी ठेवली. कुणी विचारलं तर झाडाला पाणी घालायची बाटली. तेव्हापासून या घराण्यात फर्न कधी मेलं नाही. पाहुणे शौचालयातून हात पुसत येत आणि हसून सांगत, "तुमच्या फर्नला थोडं पाणी घातलं हं!" मम्मी आभार मानायची, मग जाऊन बाटली परत भरायची.

नियम एकदाच मोडला होता आणि तो हेस्टरनेच. सहा वर्षांची असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. शौचालयातून बाहेर येऊन तिने भर दिवाणखान्यात विचारलं, "तुमची बाटली कुठाय?" काकवा, मामा, सगळे केक खायचे थांबले. कुणीतरी म्हणालं, "पोरीला आत्तापासून बाटली लागते वाटतं!" केवढा हशा झाला. परत येताना ट्राममध्ये मम्मी एवढंच म्हणाली, "बाहेर याबद्दल ब्र काढायचा नाही. मेलं तरी नाही." मेलं तरी नाही, हे बाई आता खरं करून दाखवत होत्या.

फर्न मात्र हेस्टरने सामान काढताना शेजारणीला देऊन टाकलं होतं. ती धावतच शेजारी गेली.

"फर्न परत हवंय," ती म्हणाली.

शेजारीण गोंधळली. "आता? मी त्याला नवी कुंडी घेतली."

"कुंडीसकट द्या. तुम्हाला मी दुसरं आणून देते, दोन आणून देते. मम्मीचा जीव आहे हो त्याच्यात."

"झाडावर इतकी माया," शेजारीण म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेस्टरला हसू आवरेना म्हणून तिने ओठ चावला.

गाडीत शेजारच्या सीटवर फर्न, त्याला पट्टा लावलेला आणि पायाशी बाटली. हेस्टरने त्या दिवशी दोन लाल सिग्नल तोडले. शिकाऊ पोराने तसं केलं असतं तर तिने त्याला गाडीतून उतरवलं असतं.

मम्मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडली होती. चेहरा मातकट झाला होता. हेस्टर तिच्याजवळ थांबली नाही. सरळ शौचालयात गेली, बेसिनशेजारच्या फळीवरून साबणाच्या बाटल्या काढल्या, तिथे फर्न ठेवलं, बाटली कोमट पाण्याने भरली, बसल्या जागेवरून हात पुरतो का ते स्वतः बसून पाहिलं आणि बाहेर आली.

"तुझं फर्न आणलंय," ती म्हणाली.

मम्मीने डोळे उघडले.

"एकटंच?" तिने विचारलं.

"नाही. बरोबरचं पण आणलंय."

मम्मी खुर्चीत सरळ बसली. "मला वाटलं, तू विचार करूनच ठेवून आलीस. सगळं आणलंस, तेवढंच नाही आणलंस. म्हटलं, हिला लाज वाटत असेल. या लोकांसमोर."

"मला? मम्मी, माझ्या घरी दारामागे काय असतं?"

"झारी."

"आणि समोर?"

"फर्न," मम्मी म्हणाली. "मरायला टेकलेलं. तू त्याला पाणी घालत नाहीस."

"कारण पाहुणे येतच नाहीत माझ्याकडे! मी विसरले गं. तुझी शप्पथ, नुसती विसरले. ती वस्तू आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही."

मम्मीने तिचा हात धरला. तो हात कागदासारखा कोरडा होता आणि हेस्टरला तो सोडवेना. मग मम्मी म्हणाली, "चहा सांग. साखर घालून." कप आला तसा रिकामा झाला. दुसरा आला, तोही झाला. तिसऱ्याला मार्लूस दारात किटली घेऊन थबकलीच.

"बाई! आज काय झालं?"

"तहान लागली," मम्मी म्हणाली. "लागते माणसाला."

तासाभराने बाई उठल्या, वॉकर धरून शौचालयाकडे निघाल्या. मार्लूस सवयीने मागे गेली.

"दार लावून घे," मम्मी म्हणाली. "मला फर्नला पाणी घालायचंय."

दार लागलं. मार्लूस बाहेर उभी राहिली, हेस्टर तिच्या शेजारी. आतून पाण्याचा आवाज आला, संथ, बारीक धारेचा. थांबला. पुन्हा आला.

"किती जीव आहे त्यांचा त्या झाडावर," मार्लूस हळूच म्हणाली. "आम्हाला आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी ठेवलं असतं. माणसाला जगायला काहीतरी लागतं, नाही?"

"लागतं," हेस्टर म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि आता हसावं की रडावं ते कळेना म्हणून ती दोन्ही करत होती. मार्लूसने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मम्मी बाहेर आली ती मान ताठ करून. हाड मोडल्यापासून हेस्टरने तिला अशी चालताना पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. रक्त पुन्हा तपासायला घेतलं आणि सलाइनचा विषय मागे पडला. वरच्या मजल्याचं नाव कुणी काढलं नाही. "घरच्या झाडांचा परिणाम होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यावर अलीकडे बरंच लिहून आलंय." हेस्टरने गंभीरपणे मान डोलावली.

पुढचा बुधवार. भात झाला, ताटं उचलली गेली, मम्मी चौथा कप घेत होती. समोर टेरलिंडनसाहेब कोरड्या ओठांनी तिच्या कपाकडे बघत बसले होते. त्यांच्याही ओठांना पापुद्रे आले होते, हे हेस्टरला आत्ता दिसलं.

साहेब वॉकर ढकलत मम्मीच्या खोलीपर्यंत तिच्या मागोमाग आले. वर्तमानपत्र परत द्यायचं निमित्त होतं. शौचालयाचं दार उघडं होतं. साहेबांची नजर आत गेली. फर्नवर गेली, तिथून खाली बाटलीवर गेली आणि तिथेच थांबली. वर्तमानपत्र त्यांच्या हातातच राहिलं.

"फान लीरबाई," साहेब घसा खाकरून म्हणाले. "हे... झाड. छान आहे. आमच्या सुराबायाच्या घरी होतं असंच. कुठे मिळतं हो हे?"

मम्मी साहेबांकडे बघत होती. असाच प्रश्न विचारणारे पाहुणे तिने जन्मभर हसून वाटेला लावले होते. आताही तिला फक्त दुकानाचं नाव सांगायचं होतं.

"झाड बाजारात मिळतं," मम्मी म्हणाली. "पण साहेब, फर्न राहू द्या. तुमची बाटली कुठाय?"

टेरलिंडनसाहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी मागे वळून बाहेर पाहिलं. कुणी नव्हतं.

"मुलाने टाकून दिली," ते म्हणाले. "रिकामी बाटली समजून."

मम्मीने मुलीकडे पाहिलं. हेस्टर गाडीच्या किल्ल्या शोधू लागली.

"दोन आण," मम्मी म्हणाली. "एक जादाची असू दे. या मजल्यावर चहा नको म्हणणारे अजून आहेत. आणि साहेब, तुम्ही बसा. मार्लूस! यांना चहा दे, मोठा कप."

साहेब वेताच्या खुर्चीत बसले. चहा आला. त्यांनी कपाकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथून हेस्टर नुकतीच घाईने बाहेर पडली होती.

"ती नक्की येईल ना परत?" त्यांनी विचारलं.

"येईल की," मम्मी म्हणाली. "प्या तुम्ही."

आणि टेरलिंडनसाहेबांनी कप तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही.